बेचाळिसाव्या दिवसाची ओळ

नागपूर

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या साथीसाठी कोविडच्या अनुभवावर बेतलेले तुझे टिपण दोनदा वाचले. समीकरणे बरोबर आहेत; मात्र ‘निर्बंध बेचाळिसाव्या दिवशी उठवावेत’ ही शेवटच्या पानावरची ओळ आधी खोड. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या, साथ कशी पसरते हे सांगणाऱ्या ज्या गणिती प्रारूपावर तुझे काम उभे आहे, त्यातून प्रशासनाला दिवस सांगू नये, अट सांगावी.

तुझ्याच पद्धतीने हिशेब करू. एका बाधितापासून पुढच्यापर्यंत संसर्ग पोचायला पाच दिवस लागतात असे धर. निर्बंधांच्या काळात एक बाधित सरासरी ०.८ जणांना संसर्ग देत असेल, तर रोजची रुग्णसंख्या निम्मी व्हायला साधारण पंधरा दिवस लागतात. सवलतीनंतर तोच आकडा १.२ झाला, तर दुप्पट व्हायला एकोणीस. रोज ४०० रुग्ण असताना बाजार उघडला, तर ८०० पर्यंत पोचायला एकोणीसच दिवस मिळतात. महिनाभर थांबून १०० वर आल्यावर उघडला, तर सत्तावन्न. म्हणजे एका महिन्याच्या बंदीने अडतीस दिवसांची जादा उसंत मिळते. हा सौदा परवडणारा आहे की नाही, हे तुझे गणित सांगू शकत नाही, कारण इतवारीत हातगाडी ओढणाऱ्याचा तो महिना तुझ्या कोणत्याही चलात नाही. दोन्ही आकडे अधिकाऱ्यांपुढे ठेव. निवड आणि तिची जबाबदारी त्यांची.

मला अधिक काळजी वाटते ती विलंबाची. आज बर्डीत लागण झालेल्या माणसाला लक्षणे दिसायला पाच-सहा दिवस जातात, चाचणी होऊन अहवाल यायला आणखी काही, आणि प्रकृती बिघडलीच तर मेयो किंवा मेडिकल रुग्णालयात खाट लागेपर्यंत दुसरा आठवडा सरत आलेला असतो. म्हणून सवलतीनंतरचे पहिले दहा-बारा दिवस जो आलेख दिसतो, तो मुख्यतः आधीच्या बंदीचाच असतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत ‘बघा, काही झाले नाही’ म्हणत लोक पुढची सवलत मागतात. एका वेळी एकच गोष्ट उघडून तीन आठवडे थांबावे, असे स्पष्ट लिही. नाहीतर रुग्ण बाजारामुळे वाढले की मंगल कार्यालयांमुळे, हे कोणालाच कळणार नाही.

जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर ठरवले, तेव्हा पहिल्या, म्हणजे सर्वांत सैल स्तरासाठी चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांखाली आणि प्राणवायूच्या खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या, अशा दोन अटी होत्या. ते योग्यच होते, कारण पहिला आकडा चाचण्या कोणाच्या आणि किती केल्या त्यावर हलतो. खाटांचा आकडा इतका हलत नाही, पण तो उशिरा कळतो; शिवाय आपल्याकडे मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचेही रुग्ण येतात, आणि तू फक्त शहराची लोकसंख्या घेतली आहेस.

उघडण्याची आणि पुन्हा बंद करण्याची रेषाही तू एकच ठेवली आहेस. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या मार्च २०२० मधील अहवालात ब्रिटनसाठी आठवड्याला अतिदक्षता विभागातील १०० नवे रुग्ण ही बंदीची आणि ५० ही सवलतीची रेषा धरली होती. मध्ये असे अंतर नसेल, तर आकड्याच्या किरकोळ चढउतारानेही दुकानांची शटर खाली-वर होत राहतील.

हे सगळे दुरुस्त करून रविवारी सकाळी घरी ये. येताना ०.८ हा आकडा कुठून घेतलास तेही लिहून आण. टिपणात ते कुठेच सापडले नाही.

तुझा,
सर