विंडोज ११ टाकताना नवीन लॅपटॉपची डिस्कच दिसत नाही, 'लोड ड्रायव्हर' मागतो. हार्ड डिस्कचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो का, की डिस्क गेली? बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) तर दिसतेय.

बायोसमध्ये दिसतेय ना? मग डिस्क बहुधा ठणठणीत आहे. कोणी तुम्हाला ती बदलायला सांगितलं असेल तर लगेच त्याचं ऐकू नका.

ड्रायव्हर हवाय तो डिस्कच्या मागे बसलेल्या कंट्रोलरचा, म्हणजे डिस्कला कॉम्प्युटरशी जोडणाऱ्या चिपचा. इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस, एसएसडी सांभाळणारा इंटेलचा मधला थर) नावाचा प्रकार कारखान्यातूनच चालू करून येतो. तो चालू असला की एनव्हीएमई एसएसडी (आजकालच्या लॅपटॉपमधली वेगवान डिस्क) थेट समोर येत नाही, व्हीएमडीच्या आड जाते. विंडोजकडे एनव्हीएमईचा स्वतःचा ड्रायव्हर आहे, पण व्हीएमडीपलीकडे बघायला इंटेलचा आरएसटी (रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी) ड्रायव्हर लागतो आणि तो सेटअपच्या पेनड्राइव्हवर बहुधा नसतो. कपाटाची किल्ली कपाटातच राहिल्यासारखं आहे हे: ड्रायव्हर डिस्कवर टाकायचा, पण डिस्क दिसायलाच तो हवा. म्हणून तो बाहेरून द्यायचा.

आता 'डिस्क गेली' या निदानाने माझं डोकं का फिरतं ते सांगते.

एक्सपीचे दिवस. मी सपोर्टला नवीनच लागले होते. ऑफिसात व्हिस्टा घातलेले नवे लॅपटॉप आले आणि आमचं एक जुनं सॉफ्टवेअर व्हिस्टावर चालेना, म्हणून सगळ्यांवर एक्सपी टाकायचा हुकूम निघाला. सीडी घातली, सेटअपने सगळ्या फायली वाचल्या आणि आता विंडोज सुरू होणार म्हणेपर्यंत निळा स्क्रीन, सेव्हन बी (विंडोजला बूट डिस्क सापडत नाही, हा एरर). आमचे वरिष्ठ आले, उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणाले, "डिस्क गेलीये. बदल." बदलली. पुन्हा सेव्हन बी. "म्हणजे अख्खा लॉटच खराब."

मी म्हटलं, "सर, पण सकाळी याच डिस्कवर व्हिस्टा चालू होता."

"व्हिस्टाचं काय सांगतेस!" म्हणाले आणि जेवायला गेले.

एक्सपी २००१ चा, या लॅपटॉपांतला कंट्रोलर ज्या एएचसीआय पद्धतीने डिस्कशी बोलायचा तिचं स्पेसिफिकेशन २००४ चं. जन्माआधीच्या सीडीला तो कंट्रोलर कुठून ओळखू येणार? व्हिस्टात एएचसीआयचा ड्रायव्हर होता, म्हणून तो चालत होता. व्हिस्टाच्या डिव्हाइस मॅनेजरमधून मी कंट्रोलरचा हार्डवेअर आयडी उतरवून घेतला: व्हेंडर ८०८६ म्हणजे इंटेल, डिव्हाइस २८२९ म्हणजे आयसीएच८एम चिप, एएचसीआय मोडमध्ये. आता एक्सपीला हे सांगायची अधिकृत वाट म्हणजे सेटअप सुरू होताच एफ६ दाबायचं आणि फ्लॉपी द्यायची. फ्लॉपीच! सीडी नाही, पेनड्राइव्ह नाही. लॅपटॉपला फ्लॉपी ड्राइव्ह नव्हताच आणि बाहेरून जोडायचे यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह सेटअप ठराविकच ओळखायचा. मग रात्री घरी बसून एनलाइट नावाच्या टूलने ड्रायव्हर सीडीतच घुसवला आणि नवी सीडी जाळली.

सकाळी सीडी घेऊन पोहोचले तर सरांनी बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आयडीई, म्हणजे एक्सपीला कळणाऱ्या जुन्या पद्धतीवर करून दोन-तीन लॅपटॉपवर एक्सपी टाकून ठेवलेला. "बघ, एक सेटिंग. तुझ्या सीडीची गरजच काय?" आदल्या दिवशी डिस्क गेलेली, लॉट खराब झालेला, ते सगळं कुणाच्या लक्षातच नव्हतं. बाकीचे लॅपटॉपही तसेच झाले, शाबासकी कुणाला मिळाली ते सांगायला नको, माझी सीडी ड्रॉवरमध्ये गेली. आयडीई मोडमध्ये एनसीक्यू (डिस्कने कामं सोयीच्या क्रमाने लावणं) मिळत नाही, हॉट-प्लग (कॉम्प्युटर चालू असताना डिस्क काढणं-घालणं) मिळत नाही, हे मी बोलून बघितलं; "तुला फरक कळतो का वापरताना?" असं उत्तर आलं.

पुढे त्याच लॅपटॉपांना बायोस अपडेट दिला गेला. अपडेटनंतर सेटिंग मूळपदावर, साटा पुन्हा एएचसीआय. एकामागून एक सेव्हन बी. आणि फोन काय आले असतील? "डिस्क गेलीये."

तुम्हाला आज जो तो "व्हीएमडी बंद कर, दिसेल डिस्क" म्हणतोय ना, ते हेच. दिसेल, खोटं नाही. पण विंडोज त्या सेटिंगच्या भरवशावर बसेल. कधीतरी बायोस डिफॉल्टवर गेला, व्हीएमडी आपोआप चालू झाला, की 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. तोवर सल्ला देणारा विसरून गेलेला असतो. ड्रायव्हर द्या आणि बायोसला हात लावू नका, हे माझं मत आहे आणि त्यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे.

ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्याच मॉडेलच्या पानावरून घ्या. नावात आरएसटी किंवा व्हीएमडी असेल. नुसती ईएक्सई पेनड्राइव्हवर टाकून उपयोग नाही, सेटअपला आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कुठल्या हार्डवेअरचा ते सांगणारी) असलेलं फोल्डर लागतं. म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती आधी उलगडून घ्या (इंटेलच्या इन्स्टॉलरला कमांड प्रॉम्प्टमधून ड्रायव्हर वेगळे काढायचा पर्याय आहे, काही कंपन्या सरळ झिप देतात). मग लोड ड्रायव्हर, ब्राउझ, ते फोल्डर. यादी रिकामी आली तर ड्रायव्हर बहुधा चुकीच्या पिढीचा आहे. 'न जुळणारे ड्रायव्हर लपवा' ही खूण काढून भलताच ड्रायव्हर लादत बसू नका, डिस्क काही उगवणार नाही.

इंटेलचा प्रोसेसर नसेल तर यातला व्हीएमडीचा भाग सोडून द्या; तिथे बायोसमध्ये रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची सोय) चालू आहे का ते बघा. आणि हो, प्रामाणिकपणे: एकच एसएसडी असेल, रेड नको असेल, तर व्हीएमडी बंद करून कोरं विंडोज टाकल्याने वेग वगैरे काही जात नाही. लिनक्स शेजारी ठेवणारे बरेच जण तेच करतात. फक्त ते लिहून ठेवा कुठेतरी.

चालू विंडोज तसंच ठेवून व्हीएमडी बंद करणार असाल तर मात्र आधी एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवायचं टूल) सेफ बूट लावा, मग रीस्टार्ट करून बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये वर येऊ द्या आणि सेफ बूट काढा. त्याच्याही आधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) रिकव्हरी की हाताशी घ्या; बायोसमधला असा बदल झाला की तो की मागू शकतो, आणि ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही तुमच्या फायली गेल्यातच जमा.