गाडीत गाणं कुणाचं?

प्रश्न : काका, आम्ही चौघं मित्र रविवारी सकाळी गाडी काढतो आणि काही न ठरवता निघतो. कधी काटोल रोड, कधी उमरेड, कधी सावनेर. तर्री पोहे खाऊन सुरुवात झकास होते, पण शहर सुटलं की गाण्यांवरून जुंपते. एकाला जुनी हिंदी हवी, एकाला पंजाबी, मला गझल. आणि ज्याची गाडी तो म्हणतो, गाडी माझी तर गाणंही माझंच. काय करायचं?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : गाडी त्याची असेल, पेट्रोल तर चौघांचं आहे ना? मग त्याचा मुद्दा तिथंच निकालात निघाला. पण गड्या, मला वाटतं तुमच्या गाडीत एकही गाणं पूर्ण वाजत नसणार. मुखडा झाला, पहिला अंतरा सुरू होतोय तोच मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतो, ‘बदल बे.’ मग भांडण नाही तर काय होईल?

कॅसेटच्या जमान्यात मी सीताबर्डीवर कॅसेट भरून द्यायच्या दुकानात बसायचो. पोट्टे वहीच्या पानावर गाण्यांची यादी घेऊन यायचे. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, फार तर सहा-सात गाणी. यादीत दोन-तीन जास्तीची असायचीच. मग कुणाचं कापायचं यावर काउंटरसमोर अशी हमरीतुमरी व्हायची की मालक बाहेर जाऊन उभे राहा म्हणायचे. पण जे काय व्हायचं ते दुकानात. एकदा कॅसेट भरली की गाडीत बाजू संपेपर्यंत कुणी बटणाला हात लावत नसे. सारखं पुढे-मागे केलं की टेप गुंतायची, आणि मग पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायचं काम मागच्या सीटवाल्याकडे. रामटेक नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर. कामठी, कन्हानची गर्दी धरून जुन्या रस्त्यानं नव्वदची कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजत आली की गड दिसायला लागायचा. अंतर आम्ही असंच मोजायचो.

तेव्हा तुम्हीही बाजू वाटून घ्या. एकेकाला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात बाकीच्यांनी मोबाईलला हात लावायचा नाही, आणि तोंडही वाकडं करायचं नाही. चालवणाऱ्यालाही पाळी द्या, फक्त मोबाईल शेजारच्याच्या हातात राहू द्या. आवाज किती ठेवायचा हे मात्र त्यानंच ठरवायचं. मागून ट्रकनं हॉर्न दिला तर तो त्याला ऐकू आला पाहिजे.

आता रस्त्यांचं. जानेवारी-फेब्रुवारीत काटोलकडे गेलात तर संत्र्याच्या बागा लागल्या की गाणं बंद करा आणि काचा खाली घ्या. आंबिया बहाराची फुलं तेव्हाच येतात, आणि तो वास एसी लावलेल्या गाडीत शिरत नाही. ज्याची पाळी असेल त्याला तेवढी मिनिटं नंतर वाढवून द्या, नाहीतर पुन्हा भांडाल. देवलापारच्या पुढं पेंचचं जंगल लागतं, तिथंही बंदच. पुढं सिवनीकडे वन्यप्राण्यांना खालून जाता यावं म्हणून महामार्ग उचलून घेतलाय, आवाज जंगलात जाऊ नये म्हणून बाजूला अडथळे उभारलेत. एवढा खर्च केल्यावर तुमचा बास तिथं कशाला?

आणि समृद्धीवर भटकायला जाऊ नका. ११ डिसेंबर २०२२ ला शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला तेव्हा हौसेनं सगळेच जाऊन आले, ते ठीक. पण शिवमडक्याला चढलात की पुढच्या इंटरचेंजपर्यंत बांधले गेलात. मनात आलं म्हणून वळावं असा फाटा नाही, झाडाखालची चहाची टपरी नाही. त्यात सरळसोट रस्ता आणि तुझी संथ गझल. चालवणाऱ्याला डुलकी लागायला आणखी काय पाहिजे?

प्रश्न : आमच्या जुन्या गाडीत फक्त रेडिओ आहे. अमरावती रोडनं कोंढाळी मागे पडली की एफएम खरखरायला लागतं. रेडिओ बदलावा का?
— एक वाचक, वाडी

उत्तर : रेडिओत काही बिघाड नाही. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मनोरा क्षितिजाआड गेला, मध्ये टेकड्या आल्या, की आवाज तुटतो. मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीला धरून लांबवर जातात, म्हणून नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली तेव्हापासून गावोगावी ऐकली गेली. तुमच्या सेटवर मीडियम वेव्हचं बटण असेल तर फिरवून बघा. नसेल तर पेन ड्राइव्हवर गाणी भरून आणा. सेटला ती लावायची जागाही नसेल तर मागच्या सीटवर एखादा गाणारा मित्र बसवा, पण त्याला नव्वदची कॅसेट देऊ नका, साठचीच द्या.

प्रश्न : मुलगी मैत्रिणींबरोबर गाडीनं जाते. कुठं चालल्या म्हटलं की ‘असंच’ म्हणते. जीव खालीवर होतो.
— एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, ठिकाण विचारू नका, तिला खरंच माहीत नसतं. कुठल्या रोडनं जाणार आणि किती वाजता गाडी माघारी वळवणार, एवढं विचारा. जेवायला थांबल्या की फोन करायला सांगा. आणि सावजीत थांबणार असतील तर पार्सल आणायला सांगा, म्हणजे फोन नक्की येईल.