अर्ध्या टक्क्याच्या विक्रीकराने खेड्यातले रुग्णालय वाचते का?

आपण विचारले आहे की, अमेरिकेतील एखादी काउंटी, म्हणजे आकाराने आपल्या तालुक्यासारखा विभाग, आपले तोट्यातले रुग्णालय चालू ठेवण्यासाठी दुकानातील खरेदीवर अर्धा टक्का जादा विक्रीकर बसवते, तेव्हा त्या पैशाने रुग्णालय खरोखर वाचते का, आणि औषधपाण्याचा खर्च किराणा घेणाऱ्याच्या बिलावर टाकणे न्याय्य आहे का. कॅन्सस राज्यातील अशाच एका लहान रुग्णालयाच्या हिशेब खात्यात मी गेली नऊ वर्षे काम करते आणि आमच्या काउंटीत या करावर झालेले मतदान मी जवळून पाहिले आहे, म्हणून उत्तर लिहिते आहे. माझे मत आधीच सांगते. हा कर तोटा भरून काढतो, पण ज्या कारणांनी तोटा होतो त्यांतले जवळजवळ एकही कारण काउंटीच्या हातात नसते. म्हणून एकदा लावलेला कर सहसा पुन्हा पुन्हा मागावा लागतो. एवढे माहीत असूनही, काही अटींवर, मी या कराच्या बाजूची आहे.

तोटा का होतो हे समजल्याशिवाय कराची चर्चा व्यर्थ आहे. रात्री तीन वाजता आमच्या आपत्कालीन विभागात एकही रुग्ण नसला तरी परिचारिका कामावर असतात, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो, प्रयोगशाळेतला आणि क्ष-किरण यंत्रावरचा माणूस बोलावताच येईल अशा बोलीवर असतो, आणि या सर्वांचा पगार चालू असतो. अग्निशामक दलाला कोणी आगीगणिक पैसे देत नाही; दल तयार असते याचेच पैसे गाव देते. रुग्णालयाला मात्र रुग्णागणिक पैसे मिळतात, आणि तीन-चार हजार वस्तीच्या काउंटीत रुग्ण कितीसे असणार! शहरातल्या रुग्णालयाचा हाच ठरलेला खर्च हजारो रुग्णांवर विभागला जातो, आमचा मूठभरांवर पडतो.

ही रुग्णालये उभी राहिली तेव्हा काळ वेगळा होता. 1946 च्या हिल-बर्टन कायद्याने केंद्राने गावोगावी रुग्णालये बांधायला पैसे दिले, 1965 मध्ये मेडिकेअर आले आणि वृद्धांच्या उपचाराचा खर्च सरकार उचलू लागले. 1983 पासून मेडिकेअरने झालेल्या खर्चाऐवजी आजारानुसार ठरलेली रक्कम द्यायला सुरुवात केली, आणि पुढच्या काही वर्षांत ग्रामीण रुग्णालये भराभर बंद पडली. त्यावर उपाय म्हणून 1997 मध्ये एक खास वर्ग निर्माण झाला, ज्याला इथे सगळे ‘क्रिटिकल ॲक्सेस हॉस्पिटल’ म्हणतात: खाटा 25 पेक्षा जास्त नाहीत, रुग्णाचा मुक्काम वर्षाच्या सरासरीने 96 तासांच्या आत, आपत्कालीन सेवा अहोरात्र, आणि शेजारचे रुग्णालय साधारण 35 मैलांहून दूर. या अटींच्या बदल्यात मेडिकेअर आपल्या रुग्णांपुरता मान्य खर्चाच्या 101 टक्के परतावा देते. ऐकायला हे छान वाटते. प्रत्यक्षात 2013 पासून केंद्राने मेडिकेअरच्या देयकांवर 2 टक्के कपात लावली आहे, तेव्हा हाती येते ते शंभरच्याही खाली असते. एकट्या कॅन्ससमध्ये अशी ऐंशीहून अधिक रुग्णालये आहेत. त्यांतल्या अनेकांमध्ये 35 मैलांचे अंतर मुळीच नाही. 2006 पूर्वी राज्यांना ‘हे रुग्णालय आवश्यक आहे’ असे ठरवून अंतराची अट शिथिल करता येत असे, त्या सवलतीवर ती टिकून आहेत.

उरलेले रुग्ण मेडिकेडचे, खासगी विम्याचे आणि विमाच नसलेले. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी योजना, अधिक लोकांना लागू करायची की नाही हे 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्यांच्या मर्जीवर गेले. विस्तारित योजनेचा 90 टक्के खर्च केंद्र उचलते, तरीही 2017 मध्ये कॅन्ससच्या विधिमंडळाने मंजूर केलेला विस्तार तेव्हाचे राज्यपाल सॅम ब्राउनबॅक यांनी नकाराधिकार वापरून फेटाळला. जो शेतमजूर त्यामुळे विम्याबाहेर राहिला, तो आजारी पडायचा थांबला नाही. त्याचे बिल आमच्या वहीत ‘वसूल न होणारे’ म्हणून पडून राहते. शिवाय मेडिकेअरचे वृद्ध सभासद आता मोठ्या संख्येने खासगी कंपन्यांच्या ‘मेडिकेअर ॲडव्हान्टेज’ योजनांकडे वळले आहेत, आणि त्या कंपन्यांना 101 टक्क्यांचा नियम लागू नाही. पूर्वपरवानगीसाठी फोनवर ताटकळण्यात माझ्या सहकाऱ्यांचे किती तास जातात हा वेगळा विषय आहे, पण त्या तासांचाही पगार द्यावा लागतो.

आता विक्रीकराकडे येते. तालुक्याला नसतात, पण काउंटीला स्वतःचे निवडून आलेले आयुक्त असतात आणि कर लावण्याचे काही अधिकार असतात. कॅन्ससच्या कायद्यानुसार आरोग्यसेवेसाठी पाव, अर्धा, पाऊण किंवा एक टक्का काउंटीव्यापी विक्रीकर लावण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवता येतो. लोकांनी मतपेटीतून होकार दिला तरच तो लागू होतो. दुसरा मार्ग मालमत्ता कराचा आहे आणि अनेक काउंट्या तो आधीपासूनच वापरत असतात. मालमत्ता कर वाढवायचा म्हटले की सभागृहात पहिला आवाज शेतकऱ्याचा उठतो, आणि ते समजण्यासारखे आहे: त्याची संपत्ती जमिनीत अडकलेली असते, गव्हाचा भाव पडला म्हणून करआकारणीची नोटीस यायची थांबत नाही. विक्रीकर राजकारण्यांना म्हणूनच सोपा जातो. रस्त्याने जाणारा ट्रकवाला जेवायला थांबला तरी चार पैसे देऊन जातो, आणि अर्धा टक्का म्हणजे शंभर डॉलरला पन्नास सेंट, हे कोणाला जड वाटत नाही. इथे लोक त्याला ‘हाफ-सेंट’ असेच म्हणतात, म्हणजे एका डॉलरमागे अर्धा सेंट.

गोम अशी आहे की हा कर गोळा होतो तो काउंटीत जेवढी विक्री होते तेवढ्यावरच. मी एक काल्पनिक, पण आमच्यासारख्या ठिकाणाला साजेसा हिशेब मांडते. समजा काउंटीत वर्षाला सहा कोटी डॉलरची करपात्र विक्री होते. अर्ध्या टक्क्याने तीन लाख डॉलर जमतील. रुग्णालयाचा वार्षिक खर्च दीड कोटी डॉलर धरला आणि त्यातला निम्म्याहून थोडा अधिक पगारांवर जातो असे मानले, तर दर पंधरवड्याचा पगारही सुमारे तीन लाखच होतो. म्हणजे संपूर्ण काउंटीने वर्षभर दिलेला कर एका पंधरवड्याच्या पगाराइतका. हे गणित मी सभेत मांडले तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, ‘मग एवढ्यासाठी हा खटाटोप कशाला?’ पण तीन लाख हा दीड कोटीचा दोन टक्के आहे, आणि लहान रुग्णालयाचे जगणे-मरणे याच दोन-चार टक्क्यांत ठरते. आम्ही हिशेबात ‘हातातली रोकड किती दिवस पुरेल’ असा आकडा धरून चालतो. तो वीस दिवसांवर येतो तेव्हा औषध पुरवठादार आगाऊ पैसे मागू लागतात, चांगल्या परिचारिका दुसरीकडे अर्ज करू लागतात, आणि मग रुग्णच कमी होतात. कराचे पैसे दर महिन्याला ठरल्या वेळी येतात, विमा कंपनीसारखे नाकारले जात नाहीत, आणि माझ्या अनुभवात त्यांचे खरे मोल या नियमितपणात आहे.

जिथे दुकानेच उरलेली नाहीत, तिथे मात्र हा कर काय कामाचा? लोक चाळीस मैल गाडी चालवून शेजारच्या काउंटीतल्या वॉलमार्टमध्ये जातात आणि त्यांचा कर त्या काउंटीचे रस्ते सुधारतो. याला थोडा दिलासा मिळाला तो 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या वेफेअर निकालाने. त्यानंतर राज्ये बाहेरच्या ऑनलाइन विक्रेत्यांकडूनही कर वसूल करू लागली, आणि तो कर माल जिथे पोचतो त्या पत्त्याप्रमाणे मोजला जात असल्यामुळे अ‍ॅमेझॉनच्या खोक्यामागे आमच्या काउंटीलाही तिचा वाटा मिळतो. तरी मूळ अडचण जात नाही. ज्या काउंटीची लोकसंख्या घटते आहे, तिचे रुग्णही घटतात आणि विक्रीही घटते. ज्या खांबाला टेकू द्यायचा, त्याच खांबाच्या लाकडाचा तो टेकू असतो.

न्याय्यतेचा आपला प्रश्न मला अधिक अवघड वाटतो. कॅन्ससने किराण्यावरचा राज्याचा विक्रीकर टप्प्याटप्प्याने कमी करून 1 जानेवारी 2025 पासून शून्यावर आणला, पण स्थानिक कर किराण्यावर अजूनही लागतो. म्हणजे रुग्णालयाचा अर्धा टक्का दूध-पावावर बसतो. दुसरीकडे शेतीची यंत्रे विक्रीकरातून मुक्त आहेत, तेव्हा लाखो डॉलरच्या कापणीयंत्रावर रुग्णालयाला एक सेंटही मिळत नाही आणि त्याच शेतावर मजुरी करणारा माणूस भाजीच्या बिलात आपला वाटा देतो. वर्षाला पंधरा हजार डॉलरची करपात्र खरेदी करणाऱ्या कुटुंबावर अर्ध्या टक्क्याने पंचाहत्तर डॉलरचा बोजा पडतो. रक्कम मोठी नाही, पण ती ज्याच्या खिशाला जास्त जाणवते त्याच्याकडूनच प्रमाणाने जास्त घेतली जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. याच माणसाला रुग्णालय बंद पडल्याचा फटकाही सर्वांत जास्त बसतो, कारण त्याच्याकडे साठ मैल जाण्यासाठी भरवशाची गाडी नसते आणि दिवसाचा रोज बुडवून जायची सोय नसते. माझा कौल या दुसऱ्या कारणामुळे कराच्या बाजूने झुकतो. (जाता जाता सांगते: मतदानाच्या वेळी आम्ही नवरा-बायको व्हिसावरच होतो. माझे पती खेड्यात काम करण्याच्या अटीवर मिळणाऱ्या कॉनरॅड सवलतीवर इथे आलेले डॉक्टर आहेत. त्यामुळे कर आम्ही दोघेही भरणार होतो, मत मात्र एकालाही नव्हते.)

पैसे चालू खर्चासाठी मागितले आहेत की इमारतीसाठी, हे मतदाराने आधी पाहावे. क्रिटिकल ॲक्सेस रुग्णालयाच्या बाबतीत इमारतीचा घसारा आणि कर्जावरचे व्याज हेसुद्धा मान्य खर्चात धरले जाते आणि मेडिकेअर आपल्या रुग्णांच्या प्रमाणात त्यातला हिस्सा उचलते. म्हणून विक्रीकराच्या आधारावर रोखे काढून जुने, गळके रुग्णालय नव्याने बांधणे हा व्यवहार पुष्कळदा शहाणपणाचा ठरतो, आणि त्याला शेवटही असतो: रोखे फिटले की कर संपवता येतो. चालू तोट्यासाठीच्या कराला तसा नैसर्गिक शेवट नसतो. तिथे माझी पहिली अट अशी की मुदत कायद्यातच लिहून घेतली पाहिजे, पाच किंवा दहा वर्षे, म्हणजे रुग्णालयाला पुन्हा लोकांपुढे येऊन हिशेब द्यावाच लागेल. मुदत नको असा आग्रह धरणाऱ्या विश्वस्तांवर मी विश्वास ठेवणार नाही, मग ते कितीही सज्जन असोत.

दुसरी अट मालकीची. रुग्णालय काउंटीचे असेल तर त्याच्या बैठका आणि हिशेब लोकांना पाहता येतात. बाहेरच्या संस्थेचे असेल तर निर्णय बाहेर होतात. कॅन्ससमधल्या फोर्ट स्कॉट या सुमारे आठ हजार वस्तीच्या गावातले मर्सी रुग्णालय 31 डिसेंबर 2018 रोजी बंद झाले. नन्सनी 1886 मध्ये सुरू केलेली ती संस्था होती, आणि ती बंद करण्याचा निर्णय गावाच्या मताने झाला नाही. पुढे दाखल होण्याची वेळ आलेल्या रुग्णाला सुमारे 30 मैलांवरच्या पिट्सबर्गसारख्या दुसऱ्या गावी जावे लागले. व्यवस्थापन कंत्राटदाराच्या हाती सोपवून निश्चिंत होणे तर याहून धोक्याचे. मिसुरीतील पुटनम काउंटीच्या पंधरा खाटांच्या रुग्णालयाच्या नावावर बाहेरच्या रुग्णांच्या प्रयोगशाळा-तपासण्यांची जवळजवळ नऊ कोटी डॉलरची बिले काढली गेल्याचे राज्याच्या लेखापरीक्षकांनी 2017 मध्ये उघड केले होते. अशा ठिकाणी लोकांचा कर ओतणे म्हणजे तळ नसलेल्या घागरीत पाणी भरणे.

आणखी एक पर्यायही मतदारांना सांगायला हवा. 2023 पासून ‘रूरल इमर्जन्सी हॉस्पिटल’ हा नवा वर्ग सुरू झाला आहे: रुग्ण दाखल करणे पूर्ण बंद, आपत्कालीन आणि बाह्यरुग्ण सेवा चालू, आणि त्या बदल्यात केंद्राकडून दरमहा पावणेतीन लाख डॉलरहून अधिक. म्हणजे माझ्या वरच्या हिशेबात अर्धा टक्का कर वर्षभरात जेवढे देईल, जवळजवळ तेवढे दर महिन्याला. मग सगळेच का जात नाहीत? कारण खाटा गेल्या की शस्त्रक्रियेनंतर परत आणलेले आजी-आजोबा घराजवळ बरे व्हायची सोय जाते, आणि रुग्णालय म्हणजे खाटा असेच लोकांच्या मनात असते. ज्यांच्या खाटांवर सरासरी एखाद-दुसराच रुग्ण असतो, त्यांनी कर मागण्यापूर्वी हा हिशेब जाहीरपणे मांडावा असे मला वाटते. 2025 मध्ये केंद्राने मेडिकेडमध्ये मोठी कपात करणारा कायदा केला आणि त्याबरोबर ग्रामीण आरोग्यासाठी पाच वर्षांत 50 अब्ज डॉलरचा निधीही ठेवला. तो निधी राज्यांमार्फत वाटला जातो, तेव्हा काउंटीने त्यावर डोळे मिटून भिस्त ठेवू नये.

महाराष्ट्रात असे काही करता येईल का, असेही आपण शेवटी विचारले आहे. जकात गेली, 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि स्थानिक संस्थेला विक्रीवर स्वतःचा कर लावायची वाटच उरली नाही. ग्रामपंचायतीच्या हाती घरपट्टी, पाणीपट्टी आणि काही किरकोळ कर आहेत. ठरावीक कामासाठी कर, ही कल्पना मात्र आपल्याला परकी नाही: 1975 मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला तो रोजगार हमीच्या खर्चासाठी. फरक इतकाच की तो विधिमंडळाने ठरवला होता, गावाने मत देऊन नव्हे.

आमच्या काउंटीत प्रस्ताव मंजूर झाला, मुदत दहा वर्षांची. त्यातली सहा झाली आहेत. रोकड आता दोन महिन्यांहून थोडी अधिक पुरेल इतकी आहे, प्रसूती विभाग मात्र मध्यंतरी बंद करावा लागला, आणि चार वर्षांनी पुन्हा मत मागायला जायचे आहे, त्यासाठीचे तक्ते मी आतापासूनच जुळवते आहे.