कृषी सल्ला: सामाईक पाइपलाइनचा खर्च कसा वाटायचा?

प्रश्न: तिघांत मिळून विहिरीवरून पाइपलाइन टाकायची आहे. अंतराच्या क्रमाने जमिनी ४, ४ आणि २ एकर. एकरी सारखी वर्गणी पहिल्याला जड वाटते. शेवटच्याला पाणी कमी पडण्याची धास्ती. काय करावे?

सल्ला: पाइपचे खाते वेगळे ठेवा, पाण्याचे वेगळे.

लाइनचे तीन तुकडे धरा: विहीर ते पहिले आउटलेट, तिथून दुसरे, मग तिसरे. ज्या तुकड्यातून ज्याचे पाणी जाते, त्यानेच त्याचा खर्च एकराच्या प्रमाणात उचलायचा. समजा तुकड्यांचा खर्च अनुक्रमे ५०, ३० आणि २० भाग आहे. मग वाटे २०, ४०, ४० पडतात. सरसकट एकरी धरले तर ४०, ४०, २०. तुकड्यांचा हिशोब शेवटच्याला टोचणारच. पण पहिल्याची स्वतःपुरती लहान व्यासाची लाइन ३५ भागांत होत असेल, तर तो ४० कशाला देईल? तो फुटला की जवळजवळ सगळा बोजा दोघांवर येतो. म्हणून कोणाचाही वाटा त्याला एकट्याने येणाऱ्या खर्चाहून जास्त नको आणि त्याच्यामुळे वाढणाऱ्या खर्चाहून कमी नको. या मर्यादेत घासाघीस खुशाल करा; २६-४०-३४ ठरले तरी चालेल.

मोटार, वीजबिल लिटरवर वाटा, तासावर नको. जवळच्या आउटलेटला पाइपमधले घर्षण कमी, त्यामुळे तेवढ्याच तासात पाणी जास्त निघते. बाकीचे व्हॉल्व्ह बंद करून प्रत्येक ठिकाणी २०० लिटरचा ड्रम भरायला लागणारा वेळ मोजा. ड्रम खड्ड्यात ठेवा, नाहीतर पाइप उचलावा लागतो आणि प्रवाह कमी दिसतो. पहिल्याकडे २० सेकंद आणि शेवटी २५ लागले, तर पहिल्याच्या ४ तासांना शेवटच्याचे ५ तास.

पाळीची वेळ आउटलेटमधून पूर्ण धार सुरू झाल्यावर मोजा. ११० मिमीची ५०० मीटर रिकामी लाइन भरायला सेकंदाला ८ लिटर प्रवाहात ९ मिनिटांच्या आसपास जातात. ती वीज सामाईक खर्चात घाला.

हंगामाच्या सुरुवातीला ड्रमचे माप पुन्हा घ्या. शेवटच्याचाच वेळ वाढला असेल तर आधी वरचे बंद व्हॉल्व्ह तपासा. रबर झिजले की पाणी तिथेच झिरपते. तुकड्याच्या दुरुस्तीचा खर्चही त्या तुकड्याच्या वाट्यानेच. हे सगळे पाइप विकत घेण्याआधी लिहून सह्या घ्या, कारण लाइन गाडल्यावर पहिल्याला बोलणी करायची फारशी गरज उरत नाही.