व्हिनिअर्स करू का? आधी एवढं बघा

लग्न तोंडावर आलंय म्हणून घाई करू नका. व्हिनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा पातळ पापुद्रा. पोर्सिलेन व्हिनिअरसाठी बहुधा साधारण अर्धा मिलिमीटर इनॅमल (दाताचं कठीण बाहेरचं आवरण) घासतात. ते परत येत नाही. १०-१५ वर्षांनी व्हिनिअर बदलायची वेळ आली की नवं बसवावंच लागतं. हे मान्य असेल तरच पुढे जा.

- हिरड्यांतून रक्त येतंय, कीड आहे? आधी उपचार.
- दात नुसते पिवळे असतील तर अनेकदा ब्लीचिंगनेच भागतं. व्हिनिअर करणार असलात तरी ब्लीचिंग आधीच. व्हिनिअर नंतर उजळत नाही.
- झोपेत दात खाता? डॉक्टरांना सांगाच, व्हिनिअरला तडा जातो.

नवखे हमखास सर्वांत पांढरी शेड निवडतात. दात घासण्याआधी मॉकअप, म्हणजे दातांवर तात्पुरता बसवलेला नमुना, मागा. तो लावून उजेडात आरसा बघा, 'फ', 'व' म्हणून बघा, बोलताना अडत नाही ना ते कळतं. निर्धास्तपणे मागा, चांगले डॉक्टर नाही म्हणत नाहीत.