जुन्या ट्रेलरचे खरे साल कसे ओळखावे?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत एअरस्ट्रीम कंपनीचा जुना प्रवासी ट्रेलर (मोटारीमागे जोडून नेण्याचे फिरते घर) विकत घेतला. कागदपत्रांवर १९६४ साल आहे. विक्रेते मात्र तो त्याआधीचा असल्याचे सांगतात. खरे साल आणि पूर्वीचे मालक कसे शोधावेत?

उत्तर : कागदावरील सालावर विसंबू नये, कारण पुष्कळदा तेथे ट्रेलर तयार झाल्याच्या सालाऐवजी पहिल्या नोंदणीचे साल लिहिलेले आढळते. अमेरिकेत १७ अक्षर-अंकी वाहन-क्रमांक १९८१ पासून रूढ झाला. त्यापूर्वी प्रत्येक कारखाना आपापल्या पद्धतीने क्रमांक देत असे; साल ठरवण्यासाठी तोच शोधावा. तो बहुधा पुढच्या त्रिकोणी जोडदांड्यावर ठोकलेला असतो आणि रंगाच्या थरांखाली दडतो. तारेच्या ब्रशने खरवडण्याऐवजी रंग सौम्य द्रावणाने मऊ करून पुसावा व विजेरी तिरपी धरावी, म्हणजे उथळ अंकही सावलीमुळे वाचता येतात. शेगडी किंवा फ्रिजवरील तारखेला मी फारसे महत्त्व देणार नाही. ही उपकरणे सर्रास बदलली जातात.

मालकांचा माग काढण्यासाठी पुढच्या-मागच्या पत्र्याचे बारकाईने निरीक्षण करावे. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या वॉली बायम कॅरव्हॅन क्लबचे (एअरस्ट्रीम-मालकांच्या संघटनेचे) सदस्य आपल्या ट्रेलरवर आपल्या सदस्य-क्रमांकाचे मोठे लाल अंक चिकटवीत, आणि अंक काढल्यावरही ॲल्युमिनियमवर त्यांची फिकट आकृती उरू शकते. तो क्रमांक क्लबच्या जुन्या सदस्य-सूच्यांत पाहावा. मात्र क्रमांक ट्रेलरचा नसून सदस्याचा असे आणि नव्या ट्रेलरवरही तोच जाई, त्यामुळे सूचीचे साल ताडून पाहिल्याशिवाय नावावर शिक्कामोर्तब करू नये.