एचआयव्ही प्रतिबंधाच्या संशोधनात संख्याशास्त्र शिकलेल्या मुलीने जावे का?

प्रश्न : माझी मुलगी संख्याशास्त्रात एमएस्सी करते आहे. सर्वसामान्य स्त्री-पुरुषांसाठी जे एचआयव्ही प्रतिबंध कार्यक्रम चालतात, त्यांवर तिला संशोधन करायचे आहे. ती डॉक्टर नाही. शिवाय आता औषधे आली आहेत, मग संशोधनाला उरले काय? आणि चारचौघांत हा विषय सांगायचा तरी कसा? – एक आई

उत्तर : ताई, औषधे आली हे खरे आहे. संसर्ग होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळीला ‘प्रेप’ म्हणतात. केनिया आणि युगांडात ४,७४७ जोडप्यांवर तिची चाचणी झाली. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता, दुसऱ्याला नव्हता. दोन औषधांची एकत्रित गोळी मिळालेल्या गटात नवे संसर्ग ७५ टक्क्यांनी कमी झाले. तीच गोळी दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या महिलांना ‘व्हॉइस’ नावाच्या चाचणीत दिली, तेव्हा मात्र काहीच फरक पडला नाही. बायका सांगत होत्या, गोळ्या नियमित घेतो. परत आणलेल्या गोळ्या मोजल्या तरी हिशेब जवळपास नव्वद टक्के जुळत होता. रक्त तपासले, तर औषध एक तृतीयांश नमुन्यांतसुद्धा सापडेना. पुढे संशोधकांनी त्यांतल्या काही जणींना त्यांचे अहवाल दाखवले आणि मोकळेपणी बोलते केले. कुणाला दुष्परिणामांची भीती होती, कुणाला जोडीदाराची. या गोळ्या घरात कुणी पाहिल्या, तर आपल्यालाच एचआयव्ही आहे असे समजतील, ही धास्तीही होती.

लोक सांगतात काय आणि करतात काय, यातले अंतर मोजणे हे तुमच्या मुलीचे काम असेल. त्याला डॉक्टरकी लागत नाही. प्रश्न कसा विचारावा, उत्तरावर किती विसंबावे, मध्येच गळालेल्या माणसांचे आकड्यांत काय करावे, हे तिचेच शास्त्र आहे. आता लेनाकापाविर हे वर्षातून दोनदा घ्यायचे इंजेक्शन आले आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणी आणि किशोरींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. पण ते घ्यायला माणूस दवाखान्यात यायला हवा, आणि ज्याला आपल्याला धोका आहे असे वाटतच नाही, तो येणार कशाला?

एक अडचण मात्र तिला आतापासून कळायला हवी. सर्वसाधारण स्त्री-पुरुषांत नवे संसर्ग तुलनेने थोडे होतात. त्यामुळे कार्यक्रमाने संसर्ग घटला हे सिद्ध करायला प्रचंड मोठा नमुना, म्हणजे खूप माणसे लागतात, आणि बरेच अभ्यास त्याऐवजी इतर लैंगिक आजार मोजतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘रिस्पेक्ट’ अभ्यासात हेच केले होते. लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या ५,७५८ विषमलिंगी स्त्री-पुरुषांपैकी काहींना नुसती माहिती दिली, काहींशी समुपदेशकाने समोर बसून त्यांच्या स्वतःच्या वागण्याविषयी बोलणे केले. सहा महिन्यांनी समुपदेशन झालेल्यांत नवे लैंगिक आजार सुमारे ३० टक्के कमी होते. त्याच देशात २०१३ मध्ये आलेल्या ‘अवेअर’ अभ्यासात एचआयव्हीच्या झटपट रक्तचाचणीसोबत थोडा वेळ केलेल्या समुपदेशनाने काहीच साधले नाही. हे दोन्ही निबंध तिने शेजारी ठेवून वाचावेत. ते वाचून ती रात्रभर विचार करत बसली, तर क्षेत्र तिच्यासाठी योग्य आहे.

एमएस्सीनंतर जैवसंख्याशास्त्र किंवा साथरोगशास्त्राकडे वळावे. त्याआधी काही महिने प्रत्यक्ष मुलाखती घेणाऱ्या एखाद्या चमूत काम करावे, असा माझा आग्रह आहे. अनोळखी माणसाला कंडोमबद्दल विचारताना स्वतःचा आवाज कसा होतो, हे वर्गात कळत नाही.

विषयाचे नाव तुम्ही बिनधास्त घ्या. ज्या धास्तीने त्या बायकांनी गोळ्या घेतल्या नाहीत, ती आपल्या न बोलण्यानेच वाढते.

नोकरीबद्दल तुम्ही विचारले नाहीत, तरी सांगते. यातली बरीच पदे प्रकल्पापुरती, कराराची असतात. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत रोखली, तेव्हा आफ्रिकेतल्या काही चाचण्या मध्येच थांबल्या. म्हणून तिने एचआयव्हीपुरते मर्यादित राहू नये. क्षयरोग असो की मधुमेह, कार्यक्रमाचे मूल्यमापन याच पद्धतींनी होते. त्या पक्क्या असल्या, तर एक प्रकल्प संपल्यावर दुसरा शोधताना ती अडणार नाही.